चहाच्या वाडग्याची कुळकथा

पाहुणा दारी आला, की त्याच्यापुढे आधी पाण्याचा तांब्या आणि मागून चहा यावयाचा, ही महाराष्ट्रातील घराघरांतील रीत आहे. नांदेडच्या बाजारपेठेतील दुकान असो अथवा लातूरच्या आडतीतील पेढी असो, चहा आल्यावाचून बोलण्याला रंग चढत नाही. कोणी तो कपबशीतून घेतो, कोणी काचेच्या पेल्यातून घेतो, तर कोणी बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश भुरके मारीत घेतो. चहा कडक आहे की पातळ, गोड आहे की अगोड, ह्याची चर्चा सर्वत्र होते. परंतु ज्या भांड्यातून तो प्यावयाचा, त्या भांड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक चहाचे भांडे हे चहाइतकेच दूरचा प्रवास करून आलेले आहे.

‘चहा’ हा शब्द मूळचा चीन देशातील. तेथे ह्या पेयाला ‘चा’ म्हणतात. ज्या पांढऱ्या मातीची कपबशी बनते, तिला आपण ‘चिनी माती’ म्हणतो. लोणचे मुरविण्याच्या झिलईदार बरणीला हिंदीत ‘मर्तबान’ म्हणतात. हे नाव ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरावरून पडले. कारण अशा मोठ्या बरण्या त्या बंदरातून जहाजांत भरून देशोदेशी जात असत. अशा रीतीने स्वयंपाकघरातील साधे शब्दसुद्धा आशियातील जुन्या व्यापारी मार्गांची आठवण देतात. कपाला कान असतो. परंतु चीन, कोरिया आणि जपान ह्या देशांत चहा पिण्यासाठी बिनकानाचा वाडगा शेकडो वर्षे वापरात आहे. तो दोन्ही तळव्यांत धरावयाचा असतो. ह्याच वाडग्याची ही कुळकथा आहे.

कारखान्यात यंत्राने हजारो कप एकाच साच्यातून निघतात. ते सारे एकसारखे असतात. ह्याउलट काही कारागीर आपल्या छोट्या कार्यशाळेत माती मळण्यापासून भट्टी लावण्यापर्यंतची सर्व कामे स्वतः करतात. प्रत्येक भांडे ते हातांनी घडवितात आणि त्यावरील झिलईही स्वतःच तयार करतात. इंग्रजीत अशा कारागिराला ‘स्टुडिओ पॉटर’ म्हणतात. मराठीत त्याला कलाकुंभार म्हणावयास हरकत नाही. गावचा कुंभार आणि हा कलाकुंभार एकाच चाकाचे उपासक आहेत. गावचा कुंभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले घाट घडवितो. कलाकुंभार दूरदूरच्या देशांतील रीती अभ्यासतो आणि त्यांतून आपली वाट शोधतो.

मराठवाड्याच्या भूमीला मातीची कला नवीन नाही. लातूरच्या पश्चिमेस, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते ‘तगर’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेले मोठे व्यापारी नगर होते. एका ग्रीक भाषेतील जुन्या प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई आणि तेथून जहाजाने रोमच्या साम्राज्याकडे निघे. तेर येथील उत्खननात नाना प्रकारची खापरे आणि साच्यांतून काढलेल्या केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या सापडल्या. ह्या बाहुल्यांच्या घडणीत रोमन कारागिरीची छाया दिसते, असे विद्वान म्हणतात. तेर येथीलच रामलिंगप्पा लामतुरे ह्या गृहस्थांनी अशा वस्तू मोठ्या चिकाटीने गोळा केल्या. गावातील शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

पुढे मध्ययुगात दुसरी एक लाट इराणकडून आली. लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या पलीकडे बिदर हे शहर आहे. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान हा मूळचा इराणमधील. त्याने तेथे १४७२ मध्ये मदरसा बांधला आणि त्याच्या दर्शनी भिंती इराणी पद्धतीच्या रंगीत, चकचकीत फरशांनी मढविल्या. त्यांतील काही फरशा आजही जागेवर आहेत. दौलताबादच्या किल्ल्यातील एका इमारतीला ‘चिनी महाल’ म्हणतात, तेही तिच्या भिंतींवरील अशाच निळ्या-पांढऱ्या फरशांमुळे. म्हणजे मातीवर काचेसारखा थर चढविण्याची कला मराठवाड्याच्या उंबरठ्यावर पाचशे वर्षांपूर्वीच येऊन पोहोचली होती. परंतु ती राजवाड्यांच्या भिंतींवरच राहिली. गावच्या कुंभाराचा माठ, रांजण, सुगड आणि पणती ही बिनझिलईचीच राहिली, आणि त्यात काही उणेही नव्हते. बिनझिलईच्या माठातून पाणी किंचित पाझरते, त्याची वाफ होते आणि त्या योगाने आतले पाणी गार राहते. माठाने पाझरावे हाच त्याचा गुण होय. चहाच्या वाडग्याने मात्र पाझरून चालत नाही. येथूनच कलाकुंभाराच्या कामाला आरंभ होतो.

प्रथम माती पाहावी लागते. लातूर-नांदेडकडील काळी माती कापसाला आणि ज्वारीला उत्तम. पण ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या रुंद भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. म्हणून गावचा कुंभार नदीकाठची किंवा तळ्याची माती निवडतो आणि तिच्यात राख, लीद, बारीक वाळू अशा वस्तू मिसळतो. त्यामुळे माती मोकळी होते व भांडे तडकत नाही. कलाकुंभाराला ह्याहून अधिक उष्णता सोसणारी माती लागते. त्यासाठी तो पांढरी चिनी माती, उष्णतारोधक माती आणि गारगोटीची पूड ठरावीक प्रमाणात एकत्र करतो.

माती भिजवून, गाळून झाली, की ती कणकेसारखी मळावयाची. मातीत हवेचा फुगा अडकून राहिला, तर चाकावर हात अडखळतो आणि भांडे वाकडे होते. मळलेला गोळा चाकाच्या बरोबर मध्यभागी बसविणे, हे नवशिक्याला सर्वांत अवघड जाते. गोळा रेसभर जरी बाजूला सरला, तरी सगळे भांडे डगमगू लागते. तो नीट बसला, म्हणजे अंगठ्याने मध्ये खोलगी करावयाची आणि आतून एका हाताने व बाहेरून दुसऱ्या हाताने दाब देत भिंत हळूहळू वर उचलावयाची. ह्यात बळापेक्षा स्थिरतेला महत्त्व असते. वाडगा उभा राहिला, की चाकापासून तो दोऱ्याने कापून काढतात. अर्धवट सुकल्यावर तो पुन्हा चाकावर पालथा ठेवून त्याचे बूड तासतात आणि खाली एक गोल कडे सोडतात. गरम वाडगा ह्या कड्याला धरून उचलता येतो. काठ फार पातळ झाला तर ओठाला चटका बसतो, फार जाड झाला तर चहा पिताना ओघळतो. बूड जड राहिले तर वाडगा हाताला ओझे होतो, हलके झाले तर कलंडतो. साधा दिसणारा वाडगा अशा अनेक लहान लहान निर्णयांतून जन्माला येतो.

नंतर अग्नीचे काम सुरू होते. वाळलेल्या वाडग्यातही थोडे पाणी उरलेले असते; ते १०० अंशांच्या आसपास वाफ होऊन निघून जाते. म्हणून आरंभी भट्टी अगदी हळू तापवावी लागते. घाई केली, तर आतली वाफ भांडे फोडून बाहेर पडते. मातीच्या कणांशी रासायनिक रीतीने बांधलेले पाणी सुमारे ५०० ते ६०० अंशांवर सुटते. ही मर्यादा ओलांडली, की मातीचे पुन्हा चिखलात रूपांतर होत नाही. कच्चे मडके पाण्यात विरघळते, भाजलेले विरघळत नाही, ह्याचे कारण हेच आहे. गावच्या कुंभाराच्या आव्यात उष्णता साधारणपणे ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. कलाकुंभाराची भट्टी मात्र १२५० ते १३०० अंशांपर्यंत तापवितात. एवढ्या उष्णतेत मातीचे कण अंशतः वितळून एकमेकांना घट्ट चिकटतात आणि भांडे दगडासारखे कणखर होते. कच्चा वाडगा भाजून निघेपर्यंत दहा-बारा टक्क्यांनी आकसतो. म्हणून तो घडवितानाच थोडा मोठा घडवावा लागतो.

आता झिलईची गोष्ट. झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. तिचा शोध चीनमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लागला. लाकडाच्या भट्टीत ज्वाळांबरोबर राख उडते आणि तापलेल्या भांड्यांच्या खांद्यांवर बसते. फार उष्णतेत ती राख मातीतील गारेशी मिळून वितळते आणि थंड झाल्यावर तिची काच होते. भट्टीतून काढलेल्या काही भांड्यांवर अशी हिरवट, चकचकीत झाक चिनी कुंभारांच्या नजरेस पडली. ती कशाने आली, हे त्यांनी ओळखले आणि मग ते राख व माती पाण्यात कालवून मुद्दामच भांड्यांना लावू लागले. जे आपोआप घडले, ते नीट पाहून हेतुपूर्वक घडवून आणणे, हाच अनेक मोठ्या शोधांचा क्रम असतो.

इसवी सन ९६० ते १२७९ ह्या काळात चीनमध्ये सुंग घराण्याचे राज्य होते. ह्या काळात तेथील झिलईची कला शिखराला पोहोचली. लुंगच्वान येथील भट्ट्यांतून पाचूसारख्या सौम्य हिरव्या झिलईची भांडी बाहेर पडत आणि जहाजांतून भारत, इराण व आफ्रिकेपर्यंत जात. ह्या झिलईत लोहाचा अंश जेमतेम एक-दोन टक्के असतो. फुक्येन प्रांतातील कुंभार मात्र लोहाने समृद्ध अशी काळी झिलई वापरीत. त्या काळी चीनमध्ये चहाची पूड गरम पाण्यात घुसळून फेसाळ चहा करीत. तो पांढरा फेस काळ्या वाडग्यात उठून दिसे. म्हणून काळ्या वाडग्यांना मोठा मान होता. थ्येनमू नावाच्या पर्वतावरील बौद्ध मठांत शिकावयास गेलेल्या जपानी भिक्षूंनी असे वाडगे मायदेशी नेले. त्या पर्वताच्या नावावरून जपानी लोक ह्या काळ्या झिलईला ‘तेनमोकू’ म्हणू लागले.

तिसरी एक झिलई ‘चुन’ ह्या नावाने ओळखली जाते. ती फिकट, दुधाळ निळी असते. तिचे आश्चर्य असे, की त्या निळाईसाठी निळा रंग मुळीच घालावा लागत नाही. थंड होताना ह्या झिलईच्या काचेत अतिसूक्ष्म थेंब तयार होतात. त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशातील निळा भाग अधिक विखुरला जातो आणि भांडे निळे दिसते. आकाश निळे दिसते, त्याचेही कारण असाच प्रकाशाचा विखुरणारा खेळ आहे. चुन झिलईचा वाडगा हाती धरणे म्हणजे आकाशाचा एक तुकडा ओंजळीत धरण्यासारखेच आहे.

झिलईचा रंग केवळ तिच्यातील द्रव्यांवर ठरत नाही. तो भट्टीतील हवेवरही ठरतो. भट्टीला भरपूर हवा मिळाली, तर ज्वाळा स्वच्छ जळते आणि थोडे लोह असलेली झिलई पिवळसर होते. हवा कमी केली, तर भुकेली ज्वाळा झिलईतील लोहाच्या संयुगातून प्राणवायू ओढून घेते. तीच झिलई मग हिरवी किंवा निळसर होते. एकच लेप, एकच माती. पण भट्टीची झडप किती उघडी ठेवली, एवढ्यावरून रंग पालटतो. म्हणूनच भट्टी लागली, की कुंभाराला दिवसरात्र तिच्याजवळ जागे राहावे लागते.

ही सारी झिलई दूरच्या देशांची वाटते. पण तिची मूळ द्रव्ये शोधावयास मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. ह्या पठाराचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हापासून बनला. त्याला बेसाल्ट म्हणतात. त्यात लोह विपुल असते. घराच्या पायात घातला जाणारा आणि रस्त्यावर खडी होऊन पडणारा हाच दगड वस्त्रगाळ दळून, त्यात राख मिसळून भट्टीत घातला, तर तो वितळून काळी-तपकिरी झिलई देऊ शकतो. ती तेनमोकूच्याच कुळातील झिलई होय. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीच्या बाजूला ह्या काळ्या कातळाखालचा, त्याहूनही कितीतरी पुरातन असा ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे. त्यात फेल्स्पार नावाचे खनिज असते. फेल्स्पार वितळून काच बनतो. हिरव्या आणि निळ्या झिलईचा पाया तोच. फेल्स्पार हजारो वर्षे ऊनपाण्यात झिजला, म्हणजे त्यापासून पांढरी चिनी माती तयार होते. बाभळीसारख्या लाकडाच्या राखेत चुन्याचा अंश असतो, तर उसाच्या चिपाडाच्या आणि ज्वारीच्या कडब्याच्या राखेत गारेचा अंश अधिक असतो. दोन दगड आणि दोन प्रकारची राख एवढ्या सामग्रीवर चीनच्या जुन्या कुंभारांनी जे वैभव उभारले, त्याची बीजे नांदेड-लातूरच्या पायवाटांवरही पडलेली आहेत. उणीव द्रव्याची नसते. ते ओळखणाऱ्या डोळ्यांची असते.

असे डोळे कसे असतात, हे कोरिया आणि जपान ह्यांच्या कथेवरून कळते. कोरियातील कुंभार साध्या लोकांसाठी भाताचे वाडगे घडवीत. ते भराभर घडविलेले, किंचित वाकडे, झिलईला बारीक चिरा असलेले असत. सोळाव्या शतकात हे वाडगे जपानी चहागुरूंच्या नजरेस पडले. त्यांना त्यांतील निगर्वी साधेपणा मोलाचा वाटला आणि ते त्यांतून समारंभाचा चहा देऊ लागले. त्यांपैकी ‘किझाएमोन’ नावाचा एक वाडगा आज जपानचा राष्ट्रीय ठेवा मानला जातो. तो क्योतो शहरातील एका मंदिरात जपून ठेवलेला आहे. त्याच्या कर्त्याचे नाव मात्र कोणालाही ठाऊक नाही. ‘किझाएमोन’ हे नाव तो घडविणाऱ्याचे नसून तो बाळगणाऱ्या एका व्यापाऱ्याचे आहे.

ह्या कौतुकाला एक दुःखाची बाजूही आहे. १५९२ ते १५९८ ह्या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या. परतताना जपानी सरदारांनी अनेक कोरियन कुंभारांना कुटुंबांसह पकडून नेले आणि आपल्या मुलखात वसविले. त्यांच्या हातांनी जपानमध्ये नव्या भट्ट्या पेटल्या. आरिता ह्या गावी जपानची पहिली उत्तम चिनी मातीची भांडी बनली, त्याचेही श्रेय परंपरेने अशाच एका कोरियन कुंभाराला दिले जाते. एका देशाची कला दुसऱ्या देशात जाते, ती नेहमीच व्यापाराने किंवा मैत्रीने जाते असे नाही. काही वेळा ती कैद्याच्या हातांतूनही जाते. सुंदर वस्तू पाहताना हेही विसरता कामा नये.

त्याच सुमारास जपानमध्ये सेन नो रिक्यू नावाचा थोर चहागुरू होऊन गेला. १५२२ ते १५९१ हा त्याचा जीवनकाल. श्रीमंतीचे प्रदर्शन करणाऱ्या भांड्यांचा त्याला कंटाळा आला होता. त्याच्या सांगण्यावरून चोजिरो नावाच्या कारागिराने चाक न वापरता, केवळ हातांच्या तळव्यांनी घडविलेले काळे व लाल वाडगे तयार केले. त्यांना ‘राकू’ म्हणतात. ते भट्टीतून लाल असतानाच चिमट्याने बाहेर काढतात. त्यांची भिंत जाड आणि सच्छिद्र असल्याने चहाची ऊब हाताला पोहोचते, पण चटका बसत नाही.

आधुनिक काळात ही परंपरा युरोपात व भारतात येण्यास काही माणसांची मैत्री कारणीभूत झाली. १८८७ मध्ये हाँगकाँग येथे जन्मलेला बर्नार्ड लीच हा इंग्रज चित्रकार जपानमध्ये राहत असताना राकू भांड्यांच्या मोहात पडला आणि कुंभार झाला. १९२० मध्ये त्याने शोजी हामादा ह्या जपानी मित्राच्या साह्याने इंग्लंडच्या सेंट आइव्हज गावी भट्टी उभारली. हामादा पुढे मायदेशी परतून माशिको ह्या खेड्यात स्थायिक झाला. तेथील माती भरड होती, दगड सामान्य होता. तरीही त्याने बाहेरून उंची द्रव्ये आणण्याचा हट्ट धरला नाही. त्याच गावचा दगड दळून त्याने तांबूस-तपकिरी झिलई केली आणि तिने त्या खेड्याचे नाव जगभर गेले.

भारतातून गुरुचरण सिंग हे १९१९ मध्ये मातीकाम शिकण्यासाठी जपानला गेले. तेथे त्यांची लीच आणि हामादा ह्यांच्याशी ओळख झाली. परत आल्यावर पुढे १९५२ मध्ये त्यांनी ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ ही कार्यशाळा काढली आणि अनेक शिष्य घडविले. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा ह्यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे ग्रामीण कुंभारांना सुधारलेली भट्टी, नवी माती आणि झिलई ह्यांचे शिक्षण देण्याचे कार्य केले.

ह्याच मालिकेत निर्मला पटवर्धन ह्यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांचा जीवनकाल १९२८ ते २००७. शांतिनिकेतनात कलेचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी जर्मनीत मातीकामाचे शिक्षण घेतले आणि इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच ह्यांच्याजवळ काम केले. झिलईचे शास्त्र हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता आणि निळ्या चुन झिलईवर त्यांनी खूप परिश्रम घेतले. पूर्वी झिलईच्या कृती गुप्त ठेवण्याची चाल असे. एखादी कृती जमली, की कारागीर ती घराबाहेर जाऊ देत नसे. आणि पुष्कळदा ती त्याच्याबरोबरच नाहीशी होई. निर्मलाबाईंनी ह्याच्या उलट केले. वर्षानुवर्षे जमविलेले ज्ञान त्यांनी १९८४ मध्ये ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ ह्या इंग्रजी ग्रंथात सर्वांसाठी खुले केले. दिल्याने न सरणारे धन म्हणून विद्येची ख्याती आहे. त्यांनी ती मातीच्या विद्येच्या बाबतीतही खरी करून दाखविली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. चिनी झिलई, कोरियन घाट आणि जपानी राकू ह्यांचा अभ्यास करून घडविलेला वाडगा आपला कसा म्हणावा? उत्तर हामादाच्या उदाहरणात आहे. नक्कल करणारा दुसऱ्याच्या भांड्याचे रूप उचलतो. शिकणारा त्याची रीत समजून घेतो आणि ती आपल्या मातीला लावून पाहतो. चहा मूळचा परदेशी. पण त्यात आले, वेलदोडा आणि दूध पडले तेव्हा तो आपला झाला. जपानी चहा दुधावाचूनचा असतो, म्हणून तेथील वाडगा उथळही चालतो. आपला उकळलेला, साय धरणारा, गोड चहा लवकर निवू नये म्हणून तो थोडा खोल आणि तोंडाशी जरा आवळ असलेला बरा. एवढा विचार ज्याने केला, त्याचा वाडगा परका राहत नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. हातांनी घडविलेला वाडगा महाग पडतो. कारण त्यासाठी वेळ आणि इंधन दोन्ही फार लागते. भट्टीत काही भांडी तडकतात, काही वाकतात आणि काहींची झिलई ओघळून ती फळीला चिकटून बसतात. प्लॅस्टिक आणि कागदी पेला स्वस्त असतो व एकदा वापरून फेकून देता येतो. ह्या स्वस्ताईपुढे गावच्या कुंभाराचा धंदाही टिकणे अवघड झाले आहे. संक्रांतीचे सुगड, नवरात्रातील घट आणि दिवाळीच्या पणत्या ह्यांच्या दिवसांत त्याचे चाक जोरात फिरते. इतर दिवशी ते पुष्कळदा उभे असते. चाक थांबते तेव्हा केवळ एक धंदा बंद होत नाही. कोणत्या ओढ्याची माती कशी वागते, किती राख घातली असता ती तडकत नाही, ज्वाळेचा रंग पाहून उष्णता कशी ओळखावी, हे पुस्तकात न लिहिलेले ज्ञानही त्याबरोबर लोपते. कलाकुंभार आणि गावचा कुंभार एकत्र आले, तर एकाला मातीची ओळख मिळेल आणि दुसऱ्याला नव्या भट्टीचे व निर्दोष झिलईचे ज्ञान मिळेल.

‘निर्दोष’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. कमी उष्णतेत वितळावी म्हणून काही ठिकाणी झिलईत शिसे घालीत असत. शिसे विषारी आहे. लोणचे, चिंच किंवा लिंबू ह्यांच्या आंबटपणाने ते झिलईतून सुटून अन्नात उतरू शकते आणि लहान मुलांना त्याची बाधा अधिक होते. म्हणून खाण्यापिण्याच्या भांड्यांची झिलई शिसेविरहित असली पाहिजे. भांडे सुंदर असून भागत नाही. ते विश्वासास पात्र असावे लागते. कुंभाराची नीतिमत्ता त्याच्या झिलईतच दिसते.

तेरच्या वस्तुसंग्रहालयातील जुन्या खापरांच्या आतल्या अंगास बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात. चाक फिरत असताना ओल्या मातीवर कुंभाराची बोटे टेकली, त्यांच्या त्या खुणा होत. ज्याची ती बोटे होती, त्याचे नाव उरले नाही. किझाएमोन वाडग्याच्या कोरियन कर्त्याचेही उरले नाही. त्या दोघांनी एकमेकांना पाहिले नव्हते. त्यांच्या भाषा निराळ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये हजारांहून अधिक वर्षांचे अंतर होते. तरीही मातीचा गोळा चाकाच्या मध्यभागी आणताना दोघांनीही सारखाच श्वास रोखून धरला असेल. आजही एखाद्या कार्यशाळेत नवा वाडगा चाकावर चढतो, तेव्हा त्याच्या ओल्या भिंतीवर तशाच रेघा उमटतात.

अभ्यास

१. माठाने पाझरावे, पण चहाच्या वाडग्याने पाझरू नये, असे का?
२. चुन झिलईत निळा रंग नसतानाही ती निळी का दिसते?
३. लातूरचा काळा दगड आणि नांदेडकडील ग्रॅनाइट ह्यांचा झिलईसाठी कसा उपयोग होऊ शकतो, ते सांगा.
४. नक्कल करणे आणि शिकणे ह्यांत कोणता फरक आहे? पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
५. आपल्या गावातील कुंभाराला भेटून तो माती कोठून आणतो, तिच्यात काय मिसळतो आणि भांडी कशी भाजतो, ह्याची माहिती दहा ओळींत लिहा.